पत्ता कोणाला विचारायचा?

अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज मुंबईत २००९ सालापासून ऑनलाइन भरले जाऊ लागले. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतल्या एका जूनमधली ही गोष्ट आहे. वाकोल्यातील एका शाळेच्या संगणक कक्षात आम्ही तीन शिक्षक आणि नुकतीच दहावी पास झालेली पंधरा-वीस मुले बसलो होतो. बहुतेकांच्या घरी संगणक नव्हता. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजण्यापेक्षा शाळेत आलेले बरे, म्हणून ती आली होती. अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस. दुपारी तीनच्या सुमारास पडद्यावर ‘पान सापडत नाही’ अशी पाटी झळकली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, नेट गेलं!”

मग आम्ही तेच केले जे सगळे करतात. मोडेमची पेटी बंद केली, तीस अंक मोजले, पुन्हा सुरू केली. असे तीनदा झाले. दिवे हिरवेच लागत होते, पान मात्र उघडेना. सेवा देणाऱ्या कंपनीला फोन लावला, तेव्हा “आमच्या बाजूने लाइन ठीक आहे” एवढेच उत्तर मिळाले. आम्ही चिडलो. (ते उत्तर खरे होते, हे नंतर कळले. म्हणून चीड कमी झाली असे मात्र नाही.)

कोडे सुटले ते एका मुलीच्या निरीक्षणामुळे. ती म्हणाली, “सर, तुम्ही पेटी बंद करण्याआधी माझ्या शेजारच्या संगणकावर ती मोठी फाइल उतरत होती. नेट गेलं होतं तर ती कशी उतरत होती?”

प्रश्न बिनतोड होता. लाइन तुटली असती तर फाइलही थांबली असती. म्हणजे रस्ता शाबूत होता आणि तरीही नवे पान उघडत नव्हते. आमच्यापैकी एकाने संगणकाच्या काळ्या पडद्यावर पिंगची आज्ञा दिली आणि तिच्यापुढे नाव न देता नुसता आकडा टाकला: ८.८.८.८. चारही वेळा उत्तर आले. मग आकड्याऐवजी एका प्रसिद्ध संकेतस्थळाचे नाव टाकले. उत्तर नाही. बिघाड रस्त्यात नव्हता, पत्ता सांगणाऱ्यात होता. संगणकाच्या मांडणीत ‘डीएनएस सर्व्हर’ या रकान्यातले आकडे बदलले आणि पान उघडले. शेवटचा अर्ज पावणेपाचला गेला.

तो रकाना आला कुठून? त्यात कोणाचा आकडा टाकायचा हे कोण ठरवते? मुलांनी त्या दिवशी हे विचारले, आणि आम्हाला नीट सांगता आले नाही. पुढचे सारे त्या शोधातून हाती आलेले आहे.

सुरुवात पोस्टमनपासून करू, म्हणजे वर्गात सांगायलाही सोपे जाते. वाकोल्यात घर शोधणाऱ्याला कोणी प्लॉट क्रमांक सांगत नाही. “चर्चच्या मागच्या गल्लीत, नाल्याच्या अलीकडे” असे सांगतात. वाकोल्यातल्या माणसाला ते पुरते. नागपूरहून आलेल्या पत्राला पुरत नाही. एकाच नावाची गावे, निरनिराळ्या लिप्या, चुकीची स्पेलिंगे यांतून पत्रे वाट चुकत. त्यावर भारतीय टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी उपाय काढला आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. वाकोल्याचा पिन ४०००५५. पहिला ४ म्हणजे देशाचा पश्चिमेकडचा एक विभाग, ४०० म्हणजे मुंबई आणि ०५५ म्हणजे तिथले विशिष्ट टपाल कार्यालय. यातली खुबी लक्षात घ्या. नागपूरच्या टपालघरात वाकोला कुठे आहे हे कोणालाच ठाऊक असण्याची गरज नाही. पत्र मुंबईकडे जायचे आहे एवढे कळले की त्यांचे काम झाले. उरलेले मुंबई बघेल.

संगणकांच्या जाळ्याला हेच शहाणपण जरा उशिरा सुचले. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसांना मात्र नावे लक्षात राहतात. म्हणून कुठल्या नावाचा आकडा कोणता, याची एक यादी लागते. अमेरिकेतील आर्पानेटच्या काळात अशी एकच यादी होती. ‘होस्ट्स’ नावाची ती फाइल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे सांभाळली जाई. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचे, त्या यादीत भर घालणार, आणि बाकी सर्वांनी अधूनमधून यादीची ताजी प्रत उतरवून घ्यायची. संगणक काही शे होते तोवर हे चालले. पुढे यादी लांबत गेली, प्रती शिळ्या राहू लागल्या, एकच नाव दोघांनी घेण्याचे प्रकार होऊ लागले.

१९८३ च्या नोव्हेंबरमध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी पर्याय मांडला. सगळी नावे एका जागी ठेवायचीच नाहीत. नावाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याची जबाबदारी वेगळ्याकडे द्यायची. ‘आयआयटीबी डॉट एसी डॉट इन’ हे पवईच्या आयआयटीचे नाव घ्या आणि उजवीकडून वाचा. ‘इन’ म्हणजे भारत, ‘एसी’ म्हणजे शिक्षणसंस्था, ‘आयआयटीबी’ म्हणजे ती संस्था. सर्वांत वर बसलेल्या मूळ सर्व्हरला फक्त ‘इन’ची चौकशी कुठे करायची ते ठाऊक असते. ‘इन’वाल्याला ‘एसी’ची वाट ठाऊक असते. शेवटचे उत्तर आयआयटीचा स्वतःचा सर्व्हर देतो. पिनकोड डावीकडून उजवीकडे अरुंद होत जातो, हे नाव उजवीकडून डावीकडे, एवढाच फरक. हीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस.

जुनी ‘होस्ट्स’ फाइल मात्र पूर्णपणे गेलेली नाही. आपल्या प्रत्येक संगणकात त्या नावाची एक छोटी फाइल आजही असते, आणि नावाचा शोध लागताना ती आधी पाहिली जाते. शेपूट गेले तरी माकडहाड उरावे तशी. उत्क्रांती शिकवताना हे उदाहरण वापरायला हरकत नाही.

आता वाकोल्याहून रेल्वे ओलांडून जुहूला जाऊ. तिथे गुलमोहर क्रॉस रोडवर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून ती १९८५ मध्ये स्वतंत्र झाली आणि डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक झाले. शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ हे जाळे १९८६ पासून उभे राहू लागले. आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि एनसीएसटी हे त्याचे मुख्य धागे. परदेशाशी जोडणारी अर्नेटची वाट जुहूवरूनच जात असे. ८ मे १९८९ रोजी ‘डॉट इन’ हे भारताचे आडनाव जागतिक नोंदीत दाखल झाले, ते याच संस्थेच्या हवाली. साऱ्या देशाच्या इंटरनेटवरील नावांची वही वाकोल्यापासून काही किलोमीटरवर होती, आणि वाकोल्यात ते कोणाला ठाऊक नव्हते! पुढची पंधरा वर्षे त्या वहीत फार थोडी नावे चढली, कारण ‘डॉट इन’ मिळवण्याचे नियम कडक होते. २००५ मध्ये नोंदणी सर्वांसाठी खुली झाली आणि वही ‘निक्सी’ या संस्थेकडे गेली. एनसीएसटी त्याआधीच सी-डॅकमध्ये विलीन झाली होती.

सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ ला. (पिनकोडची आणि याची तारीख एकच, हा सरकारी मुहूर्ताचा परिणाम.) विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या महानगरांत ही सेवा सुरू केली. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडायचा, तो नंबर फिरवायचा, कर्कश किंचाळ्या ऐकायच्या आणि वाट बघायची. त्या काळी ज्यांनी जोडणी घेतली त्यांना आठवत असेल, संगणकात डीएनएसचे आकडे हाताने भरावे लागत. २०२.५४ ने सुरू होणारे ते आकडे लोक वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवत. एक अंक चुकला तर जोडणी होई, पण एकही पान उघडत नसे. आमच्यावर गुदरलेला प्रसंग तेव्हाच्या लोकांवर रोजच गुदरत असणार.

जोडणी तुटण्याची त्या काळातली कारणे अगदी घरगुती होती. आतल्या खोलीतल्या जोड-फोनचा रिसीव्हर कोणी उचलला की संपले. कॉल वेटिंगची सोय घेतलेली असेल तर कोणाचा तरी फोन येई, तारेत ‘टुक्’ असा सूर वाजे आणि मोडेमचा संवाद बिघडे. बिघाड कुठे आहे हे कानाला ऐकू येई, ही त्यातली एक जमेची बाजू.

१९९८ च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली आणि उपनगरांत केबलवाल्यांचे युग आले. टीव्हीच्या केबलसोबत इंटरनेटची तार इमारतीच्या गच्चीवरून गच्चीवर जाऊ लागली. वाकोल्यासारख्या दाट वस्तीत खोदकामापेक्षा हे फार सोपे होते. पण ज्या प्रकारच्या तारेने दोन संगणक जोडतात त्या तारेची मर्यादा शंभर मीटर आहे. तेवढ्या अंतरावर मध्ये एक स्विच लागतो, आणि स्विचला वीज लागते. ती वीज ज्या इमारतीच्या गच्चीवर तो बसवला आहे तिथली. म्हणजे पलीकडच्या सोसायटीत फ्यूज उडाला की आपल्या घरातले इंटरनेट बंद, आणि आपल्याकडे दिवे, पंखे सगळे सुरू. अनेकांनी यासाठी आपल्या संगणकाला विनाकारण दोष दिला असेल.

२००५ च्या सुरुवातीला एमटीएनएलने टेलिफोनच्याच तारेवर ब्रॉडबँड आणले. ऑक्टोबर २००४ च्या सरकारी धोरणात ‘ब्रॉडबँड’ म्हणजे किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद अशी व्याख्या होती. आज हा आकडा वाचून हसू येते. तेव्हा तो चैनीचा वाटे. यामागचे विज्ञान वर्गात सांगण्याजोगे आहे. माणसाचे बोलणे टेलिफोनवर साधारण चार किलोहर्ट्‌झपर्यंतच्या लहरींत मावते. तांब्याच्या तारेत त्याच्या वरची सारी जागा मोकळी असते. एडीएसएल तंत्राने पंचवीस किलोहर्ट्‌झच्या आसपासपासून सुमारे अकराशे किलोहर्ट्‌झपर्यंतची जागा माहितीसाठी वापरली, म्हणून बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी शक्य झाले. मात्र कंपनांक जितका जास्त, तितका तारेत तो लवकर क्षीण होतो. एक्स्चेंजपासून घर लांब असेल तर वेग घटतो. तारेच्या जोडावर ओल गेली, हिरवट गंज चढला, तर बोलणे कसेबसे ऐकू येते, थोडी खरखर होते एवढेच. इंटरनेट मात्र दर दहा मिनिटांनी तुटते. ‘फोन तर चालू आहे, मग नेट का जाते?’ या जुन्या तक्रारीचे उत्तर हे आहे.

आणि ओल म्हटली की वाकोला! त्याच वर्षी, २६ जुलैला, जवळच्याच सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाकोला नाला मिठी नदीला मिळतो. मिठीच तुंबलेली, तिथे नाल्याचे पाणी जाणार कुठे? उपनगरांतल्या मोठ्या भागात वीज गेली, टेलिफोनही मुके झाले. जमिनीखालच्या तांब्याचा भरवसा किती धरायचा, हे त्या दिवसाने दाखवून दिले. पुढच्या काळात तांब्याची जागा काचेच्या तंतूने घेतली. तंतूला ओलीचा त्रास फारच कमी. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. पण तो चिमटला किंवा वाजवीपेक्षा वाकला तर प्रकाश बाहेर पडतो, आणि खोदकामात तुटला तर भिंतीवरच्या पेटीवर लाल दिवा लागतो. तो दिवा लागलेला असताना डीएनएस बदलत बसणे म्हणजे पूल वाहून गेल्यावर पाहुण्याला घराचा पत्ता समजावून सांगणे.

म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा. आधी पेटीवरचे दिवे पाहावेत. मग आपल्याच पेटीला पिंग करावे. तिचा आकडा बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. तिच्याकडून उत्तर आले नाही तर दोष घरातच आहे: वायफाय, तार किंवा खुद्द पेटी. ते आले, पण बाहेरच्या एखाद्या आकड्याकडून आले नाही, तर कंपनीला फोन करावा. दोन्ही आली आणि नावाने विचारल्यावर मात्र गप्प, तरच डीएनएसकडे वळावे. विद्युतमंडळात बल्ब का पेटत नाही हे शोधताना आपण मुलांना एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगतो. हे तसेच आहे. पेटी तीनदा बंद-सुरू करून आम्ही त्या दिवशी नेमका हा नियम मोडला होता, आणि फाइल उतरत असल्याचा पुरावाही स्वतःच्या हाताने पुसला होता.

आता कोणाचे डीएनएस घ्यावे? आपण काहीच केले नाही तर कंपनीचा सर्व्हर आपोआप मिळतो. तो जवळ असतो, त्यामुळे सहसा वेगवान असतो. पण तो आजारी पडला तर त्याच्या सगळ्या ग्राहकांचे ‘नेट जाते’. २००६ मध्ये ओपनडीएनएस ही कोणालाही वापरता येणारी सेवा सुरू झाली. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने ८.८.८.८ हा आकडा खुला केला, २०१७ मध्ये क्वाड-नाइनचा ९.९.९.९ आला आणि १ एप्रिल २०१८ ला क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१. लक्षात ठेवायला सोपे आकडे मुद्दाम निवडलेले आहेत. एकच आकडा जगभर अनेक ठिकाणच्या यंत्रांना दिलेला असतो, आणि आपला प्रश्न त्यांपैकी जवळच्या यंत्राकडे पोचतो. म्हणून ८.८.८.८ परदेशी कंपनीचा असला तरी प्रत्येक प्रश्न परदेशी जातोच असे नाही.

वेगाची जाहिरात फार होते, पण आमच्या मते तो मुद्दा दुय्यम आहे. पत्ता एकदा विचारला की काही काळ आठवणीत ठेवला जातो, त्यामुळे फरक पडतो तो बहुतेक वेळा काही सहस्रांश सेकंदांचा. व्हिडिओ अडखळत असेल तर डीएनएस बदलून तो सहसा सुधारत नाही. उलट, मोठी संकेतस्थळे विचारणारा कुठे आहे ते पाहून जवळच्या यंत्राचा पत्ता देतात. लांबचा डीएनएस निवडला तर कधी लांबच्या यंत्राचा पत्ता पदरी पडतो.

खरा प्रश्न विश्वासाचा आहे. आपण दिवसभरात कोणकोणते पत्ते विचारले, हे पत्ता सांगणाऱ्याला कळते. शिवाय मूळ पद्धतीत हा प्रश्न उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा जाई, वाटेतला कोणीही तो वाचू शके. उत्तरेही खोटी मिसळता येत. २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी हे किती सहज करता येते ते दाखवल्यावर जगभरच्या कंपन्यांना एकत्र येऊन सर्व्हर दुरुस्त करावे लागले. विचार करा, प्रवेशाच्या अर्जासाठी मुलाने नाव बरोबर टाकले आणि पत्ता मात्र भलत्याचाच मिळाला, तर? २०१८ मध्ये प्रश्न बंद लिफाफ्यात पाठवण्याची एक पद्धत प्रमाणित झाली. वाटेतल्यांना आता तो वाचता येत नाही. लिफाफा ज्याच्या हाती पडतो, त्याला मात्र येतोच. म्हणजे डीएनएस निवडताना आपण हे ज्ञान आपल्या कंपनीकडे ठेवायचे की दूरच्या एखाद्या बड्या कंपनीकडे द्यायचे, एवढेच ठरवत असतो. मोकापेट्रिस यांनी एकाच जागची यादी मोडून ती वाटून टाकली होती. वाटून टाकलेले ते काम जगातला मोठा भाग पुन्हा मूठभरांकडे नेऊन देतो आहे, हे आम्हाला फारसे रुचत नाही. तरीही शाळेतल्या संगणकांवर आम्ही पहिला आकडा स्थानिक कंपनीचा आणि दुसरा बाहेरचा ठेवला आहे. एक गप्प बसला तर दुसरा असावा.

दोन्ही असून काही उपयोग नाही अशीही वेळ येते. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक जगभर बंद पडले. महासाथीचा काळ, वर्गाच्या सूचना आणि गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवरच. घरोघरी लोकांनी वायफायच्या पेट्या बंद-सुरू केल्या. दोष पेटीत नव्हता, आणि आपण निवडलेल्या डीएनएसमध्येही नव्हता. फेसबुकच्या देखभालीतल्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांचे अंतर्गत जाळे तुटले आणि त्यांच्या स्वतःच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणाऱ्या वाटा जगाच्या नकाशावरून पुसल्या गेल्या. पत्ता सांगणारा होता, पण त्याच्यापर्यंत जाण्याचा रस्ता नव्हता. रस्ता आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी असल्या, तरी पत्ता विचारायलाही रस्ता लागतोच. दुरुस्तीला सुमारे सहा तास लागले.

अलीकडे हे सारे आम्ही आठवीच्या एका वर्गाला सांगत होतो. फळ्यावर मूळ सर्व्हर, त्याखाली ‘इन’, त्याखाली ‘एसी’ असे झाड काढले होते. एका मुलाने हात वर केला. “सगळे वरच्याला पत्ता विचारतात. पण वरच्याचा पत्ता कोणाला विचारायचा?”

तो कोणालाच विचारत नाहीत. मूळ सर्व्हरना ‘ए’ ते ‘एम’ अशी तेरा नावे आहेत. सुरुवातीच्या डीएनएसचे उत्तर ५१२ बाइट्सच्या एका पाकिटात मावावे लागे, आणि त्यात तेवढीच नावे बसत. त्या तेरा नावांमागे आता जगभर दीड हजारांहून अधिक यंत्रे आहेत, काही मुंबईतही. पत्ता शोधून देणाऱ्या प्रत्येक सर्व्हरमध्ये त्या तेरांचे आकडे आधीच एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवलेले असतात, वहीच्या मागच्या पानावर लिहावेत तसे.